तेरा नंबरचा दिवा

प्रविण पहिल्यांदा चिखल्याच्या मँगनीज खदानीत उतरला तो दिवस अवसेचा होता, आणि लॅम्परूमच्या खिडकीतून त्याच्या हाती आलेला टोपीचा दिवा तेरा नंबरचा.

आदल्या दिवशीच भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या घरी आई, गोदावरीबाई, म्हणाली होती, "अवसेले जमिनीखाली कोनी जाते का बाप्पा? एक दिस थांबून जाय." नवी नोकरी, थांबणार कसा? पण आता तो आकडा पाहून त्याने दिवा खिडकीत परत ठेवला. दोन वर्षांपूर्वी त्याचा बाप सेवकराम तापाने गेला. तेव्हापासून गोदावरीबाई तेरा म्हणतच नसे. लिंबं मोजताना बारावर थांबे आणि पुन्हा एकपासून सुरू करी. तेरा म्हणजे तेरवी, माणूस गेल्याचा तेरावा दिवस.

"दुसरा द्या न जी," तो खिडकीशी पुटपुटला.

मागे मंगरू उभा होता. चिखल्याचाच माणूस, बावीस वर्षं खाली उतरलेला. पाळीतली सगळी पोरं त्याला मामा म्हणत. तो म्हणाला, "घे मुकाट्यानं. चाल."

लिफ्टचा पिंजरा खाली निघाला. वरचं ऊन आधी ताटाएवढं झालं, मग नाण्याएवढं, मग नाहीच. खाली काळ्या भिंतींवरून पाणी झिरपत होतं आणि दिव्यांचे उजेड पाण्यात पडल्यासारखे हलत होते.

डबा खाऊन झाल्यावर मंगरू म्हणाला, "आता दिवा इझव. घडीभर."

प्रविणने दिवा विझवला. असा अंधार त्याने कधी पाहिला नव्हता. डोळे उघडे की मिटलेले तेही कळेना. कुठेतरी थेंब पडत होता. हळूहळू त्या थेंबाचा आवाज शेताच्या बांधीतल्या पाण्यासारखा वाटू लागला, हिरवा धान डोलू लागला, आणि गुडघाभर चिखलात वाकलेली बापाची पाठ त्याला अगदी जवळ दिसली. भीती वाटली नाही. हात लावावा असं वाटलं.

अंधारातून मंगरूचा आवाज आला. "अवस म्हंजे काय, ठाव हाये? अमा म्हंजे संग, वस्या म्हंजे राहनं. दक्षाच्या शापानं झिजला झिजला चंद्र, तो त्या दिशी सूर्याच्या घरी मुक्कामाले जाते. घरी गेलेला मानूस रस्त्यानं दिसन काय? लोक म्हंतेत, मेला. अरे, तो आराम करून राहिला!"

"आन् तेरा?"

"तेरस तं शंकराची. ईष गळ्यात ठेवून देव त्या सांजेले नाचला म्हंतेत." मंगरू थोडा थांबला. "बापाच्या तेरवीले तुह्या घरी काय झालं?"

"गाव जेवलं. सख्ख्या मामानं माह्या डोक्याले शेला बांधला."

"मंग? बारा दिस घर रडते. तेराव्याले चुलीवर गोड शिजते, घराले कर्ता भेटते. वाईट दिस बारा होते रे. तेरावा तं त्याईले निरोप देनारा."

थोड्या वेळाने दिवे लागले आणि कामाला सुरुवात झाली.

सुट्टीला तो शहापूरला गेला. भिंतीला टेकून बसलेल्या आईला त्याने दिव्याचा आकडाही सांगितला आणि मंगरूचं बोलणंही. तिला राग येईल असं त्याला वाटलं होतं. ती पदराच्या काठाशी बोटांनी चाळा करू लागली.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "तुह्या बाबाच्या तेरवीले पाव्हने गेले, अंगन झाडलं, आन् मले झोप लागली. बारा दिसांत पहिल्यांदा. सकाळी जाग आली तं मले माहीच लाज वाटली. मानूस गेला आन् मी अशी कशी झोपली? म्हनून तो आकडाच तोंडी नाही घेतला मी."

प्रविणने तिचा हात धरला. "बाबाच म्हनले असतीन, झोप म्हनून."

ती हसली, आणि मग पदराने डोळे पुसून हसतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती शेजारच्या उर्वशीला घेऊन एसटीने भंडाऱ्याला गेली. दोन वर्षांत ती गावाबाहेर पडली नव्हती. पितळेच्या दुकानात तिने "अकरा, बारा, तेरा" असं मोठ्याने मोजत अर्धा तास पाण्याचे गडवे वाजवून पाहिले, एकाचा आवाज बद्द म्हणून परत केला, आणि दुकानदाराशी अशी काही हुज्जत घातली की उर्वशी लाजून दाराबाहेर जाऊन उभी राहिली.