ट्रंककॉल काकूंचे कान

आमच्या गल्लीत ट्रंककॉल काकूंसमोर कुणीही काहीही बोलावं, अशी सोय होती. अट एकच, तोंड हसरं ठेवायचं. फाटकाशी थांबायचं, दोन्ही हात जोडायचे, बत्तीस दात दाखवायचे आणि मधाळ आवाजात विचारायचं, "काय म्हातारे, अजून आहेस का?" काकू व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीतून तितक्याच गोड हसत आणि म्हणत, "हो बाप्पा, आहे!" उत्तर नेमकं बसे आणि बघणारे हसून लोळत. हा खेळ गल्लीत सगळ्यांनी खेळून झाला होता. मी त्यात तरबेज होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. काकूंचं घर माझ्या घराला भिंतीला भिंत लागून होतं, त्यामुळे माझे प्रयोग रोज होत.

दैवाची थट्टा बघा, या बाईंनी उभं आयुष्य ऐकण्याच्याच नोकरीत काढलं होतं. त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल बुक करून माणसं दिवसदिवस फोनशेजारी बसत, तो काळ. लाईन लागली की नातू झाल्याची बातमी, सासूची तब्येत आणि संत्र्याचा बहार असं सगळं तीन मिनिटांत कोंबायचं. मध्येच काकूंचा आवाज येई, "तीन मिनिटं झाली. कॉल वाढवायचा का?" काकूंकडे आवाज दोन होते. एक नागपूरजवळच्या मौद्याकडच्या माहेरचा, मोकळा, 'काहून' आणि 'मले-तुले'वाला. दुसरा हेडफोन चढवल्यावरचा, कडक इस्त्रीचा. त्या दुसऱ्या आवाजापुढे मोठमोठे साहेबही खुर्चीत सरळ होऊन बसत, असं त्याच सांगत. साहेब सरळ बसलेले यांना फोनवरून कसे दिसत, हे मी कधी विचारलं नाही.

ऑपरेटरच्या बोर्डावर एक खटका असे. तो ओढला की दोन्हीकडचं बोलणं ऐकू येई. लाईन साफ आहे की नाही, एवढं तपासण्यापुरता तो होता. "पन काही लाईनी लई खराब राहत गा," काकू डोळा बारीक करून म्हणत, "तपासायले टाइम लागे." अर्ध्या नागपूरची लग्नं कशी जुळली आणि का फिसकटली, ते त्यांना ठाऊक होतं. मी खोदखोदून विचारलं, चहा पाजला, चिवड्याची लाच दिली. एक अक्षर बाहेर आलं नाही. "लाईनवर ऐकलं ते लाईनवरच ठेवायचं, संजू. नाही तं ऑपरेटर काहून म्हनावं? चुगलखोर म्हनावं."

निवृत्तीनंतर नवरा गेला, मग हळूहळू कान गेले. आधी खिशात ठेवायची श्रवणयंत्राची डबी आली. ती कानात फक्त शिट्टी मारायची, म्हणून ती कपाटात गेली. मुलगा अविनाश पुण्याला. तो फोनवर ओरडायचा, काकू इकडून ओरडायच्या. पंधरवड्यातून एकदा मायलेकांची खुशाली अख्ख्या गल्लीला कळायची.

मग कुकरचं प्रकरण झालं. काकू व्हरांड्यात सांबार, म्हणजे परदेशी लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात तो, निवडत बसल्या होत्या. आत कुकर शिट्ट्या देऊन देऊन थकला आणि तुरीच्या डाळीचा कोळसा झाला. धूर बघून मीच धावलो, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. एवढंच झालं. पण अविनाशला फोनवर सांगताना मला एवढंच सांगवेना. मी थोडे पडदे पेटवले. थोड्या ज्वाळा छतापर्यंत नेल्या. काकूंना खांद्यावर टाकून बाहेर काढायचंच काय ते बाकी ठेवलं.

अविनाश दुसऱ्या दिवशी दारात उभा. त्याने आईला रामदासपेठेतल्या कानांच्या डॉक्टरकडे नेलं आणि हरभऱ्याएवढी दोन यंत्रं कानांत बसवून आणली. ही यंत्रं मोबाईलशी बोलत. जाताना तो आईसमोर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून गेला, 'सहा महिने बघू. नाही जमलं तर घर बंद, तू पुण्याला.' पुण्याबाहेर वृद्धांसाठी एक जागा त्याने हेरून ठेवली होती. तिथे न्हाणीघरात पडलात तर घंटा वाजे, रात्री पलंगावरून उतरलात तरी ऑफिसात कळे. काकूंनी कागद दोनदा वाचला. "म्हंजे पलंगही चुगली करते म्हना तिथचा," त्या म्हणाल्या आणि कागदाची घडी करून देवघरात ठेवली. माझ्या ज्वाळांनी त्यांना कुठवर आणून सोडलं, ते मला तेव्हा कळलं. प्रायश्चित्त म्हणून मोबाईल शिकवायचं काम मी अंगावर घेतलं.

यंत्राचा आवाज कमीजास्त करणं त्यांनी पाच मिनिटांत उचललं. मग मी त्यांना एक बटण दाखवलं. ते दाबून फोन कुठेही ठेवला की तिथला आवाज थेट कानात. फोन कुकरजवळ ठेवून खुशाल व्हरांड्यात बसा आणि शिट्ट्या मोजा. काकूंनी फोन ओट्यावर ठेवला, खुर्चीत जाऊन बसल्या आणि तिथून ओरडल्या, "संजू! फ्रिज घुरघुरून राहिला गा!" मग त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते मी त्याआधी त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. "खटका!" त्या पुटपुटल्या. "खटका वापस भेटला मले."

मी शहाणा माणूस. मला वाटलं, कुकरचा आनंद आहे.

पुढच्या महिन्यात काकू फार विसरभोळ्या झाल्या. फोन कुठेही विसरत. आज आमच्या सोफ्यावर, उद्या समोरच्यांच्या ओसरीवर, परवा मंदिरात भजनी बायकांच्या सतरंजीवर. स्वतः मात्र दहा-पंधरा पावलांवर, डोळे मिटून, जपमाळ घेऊन. मीच कितीदा फोन परत नेऊन दिला. "अवं माय, माहं तं डोकंच ठिकान्यावर नाही!" त्या म्हणत. नव्या यंत्रांचं विचारलं की हात हलवत, "काही कामाचं नाही गा. नुसतं फुसफुस करते."

याच सुमारास मला एक दुखणं झालं. कुठलं ते सांगणार नाही. बसता येत नव्हतं, एवढंच सांगतो. ही गोष्ट मी फक्त बायकोला, वंदनाला, दार लावून सांगितली. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंकडून वाटीभर सुरणाची भाजी आली. त्या दुखण्यावर सुरण खातात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मी वाटी बघितली. मग सोफ्याकडे बघितलं. उशीला टेकून काकूंचा फोन पडला होता.

मी फोन घेऊन व्हरांड्यात गेलो आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. "काकू, लाईनवरचं लाईनवर ठेवायचं म्हणत होत्या नं?"

"मी बोलली का कोनाले?" काकू शांत. "मी भाजी पाठवली. बस नं गा." मग माझ्याकडे नीट बघून, "नाही तं उभाच राह्य."

फोनच्या खटक्याचं कुणाला सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली आणि मी ती पाळली. यात माझा मोठेपणा नाही. सुरणाचं कारण गल्लीला कळू नये, असा मामला होता. पण या मौजेची किंमत काय, ते आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही. सहा महिने संपले, अविनाश आला आणि आधी गल्लीभर फिरून विचारून आला. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, काकू ठार बहिऱ्या आहेत, यंत्र फुकट गेलं, वर आता फोनही कुठेकुठे विसरतात. काकूंनी लेकाला परोपरीने सांगितलं, "मले ऐकू येते गा राजा." पण गल्लीला दाखवायला त्या सहा महिने फोनवर पूर्वीसारख्याच ओरडल्या होत्या; त्याला वाटलं, आई घरासाठी नुसतं अंदाजाने हो-हो करते आहे.

संध्याकाळी त्याने मला आणि वंदनाला बैठकीत बोलावलं. काकूंना त्याने स्वतः हात धरून व्हरांड्यातल्या खुर्चीत नेऊन बसवलं. त्यांची आमच्याकडे पाठ. स्वयंपाकघराच्या दाराशीच असलेल्या फ्रिजवर त्यांचा फोन चार्जिंगला लावलेला. पडद्यावर ते बटण हिरवं दिसत होतं. म्हणजे काकू लाईनवर होत्या.

"संजूभाऊ, खरं सांगा," अविनाश म्हणाला, "तिला ऐकू येतं का?"

काय सांगू? हो म्हणावं तर कशावरून ते सांगावं लागतं, शपथ मोडते आणि सुरण बाहेर येतं. नाही म्हणावं तर घराला कुलूप लागतं. आयुष्यभर जिथे एक शब्द पुरे तिथे मी दहा बोललो. त्या दिवशी एक हवा होता, तो सापडेना. मी फ्रिजकडे बघत बसलो.

माझं गप्प राहणं म्हणजेच उत्तर, असं समजून अविनाश सुटला. आई हट्टी आहे, कुणाचं ऐकत नाही, लोक तिच्या तोंडावर थट्टा करतात ते तिला कळत नाही, सगळं झालं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "एक दिवस मी फोन करीन आणि ती उचलणार नाही. मी समजेन, ऐकू आलं नसेल. आणि इथे ती... मला कळणारसुद्धा नाही हो, संजूभाऊ."

व्हरांड्यातून, वळून न बघता, इस्त्रीचा आवाज आला.

"तीन मिनिटं झाली. कॉल वाढवायचा का?"

अविनाश उठून उभा राहिला. काकू काठी टेकत आत आल्या आणि आवाज बदलला. "तुले भेव लागते, तं भेव लागते म्हन नं. त्याच्यासाठी माहं घर काहून बंद करतं गा?"

निकाल तिथल्या तिथे लागला. काकूंनी रोज सकाळी कुकर उतरवला की पुण्याला फोन लावायचा. बोलायचं तीन मिनिटं, जास्त नाही, त्यालाही ऑफिस असतं. फोन आला नाही, तर अविनाशने मला कळवायचं. ज्वाळांशिवाय काय ते बघून सांगायचं, अशी अट माझ्यासाठी वेगळी. घर राहिलं.

तासाभरात गल्लीत बातमी फुटली. ती कुणी फोडली, हे सांगायला नको, सुरण तेवढं मी वगळलं. मग गल्लीत जी शांतता पसरली! प्रत्येक जण आठवत बसला, फोन आपल्याकडे कधी पडला होता आणि तेव्हा आपण कुणाबद्दल काय बोललो. समोरच्या बाई दोन दिवस ताप आल्याचं सांगून घराबाहेर पडल्या नाहीत. भजनात तर कित्येक आठवडे नुसतं भजनच झालं.

मीही धीर करून विचारलं, "काकू, माझं ते नमस्काराचं... तुम्ही कधी ऐकलं?"

"ऐकाचं काय काम? ते तं मशीन यायच्या आधीपासून मले माहीत आहे. कान गेले का बाई ओठ वाचते, संजू. 'अजून आहेस का' म्हनतं तू." त्या गोड हसल्या. "मंग मी काय म्हनतो तुले? 'हो बाप्पा, आहे.'"

बक्षीस द्यावीत तशी अजून दोन वर्षं मिळाली. मग एका हिवाळ्यातल्या सकाळी अविनाशचा फोन आला, "आज आईचा कॉल नाही." मी धावलो. कुकर ओट्यावर रात्रीचाच तयार होता, शिट्टी लावायची राहिली होती. काकू पलंगावर शांत. यंत्रं उशाशी डबीत, पूर्ण चार्ज झालेली. मी पुण्याला फोन लावला आणि जेवढं होतं तेवढंच सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा.

तेरवीला अविनाशने फोटोसमोर हार, उदबत्ती आणि का कोण जाणे, तो फोनही ठेवला होता. एकेक जण उठून चार शब्द बोलला. काकू किती प्रेमळ, आम्ही त्यांना किती मानत असू. सगळे फोटोकडे कमी आणि फोनकडे जास्त बघत होते. तीन मिनिटांच्या वर कुणीही गेलं नाही.

शेवटी माझी पाळी आली. हात जोडले. तोंड हसरं ठेवायचा प्रयत्न केला, जमेना.

"काय म्हातारे," मी विचारलं, "अजून आहेस का?"

या वेळी कुणी हसलं नाही. सगळी गल्ली उत्तराची वाट बघत थांबली.