वारा अंगावर घेणारी सुजाता

"मग सुजी हरली का गो?" घरी आल्यावर आईने विचारलं.

आज शहापूर ते मुरबाड सायकल शर्यतीत मी पहिली आले! किन्हवलीपासून समोरून जोराचा वारा होता. आमच्याच संघातली सुजाता पुढे राहून तो अंगावर घेत होती आणि मी तिच्या चाकामागे, आडोशाला.

"दमलीस तू, मी पुढे येते," मी म्हणाले.

"नाय. मागंच राव. ताकद तुला मुरबाडला लागंल."

मुरबाड दिसताच ती बाजूला झाली आणि मी सुटले. ती बरीच मागून पोचली, हसत. "जिंकलो ना आपण?"

संघाचं जिंकणं तुम्ही घरी कसं समजावता?

मी मात्र संध्याकाळीच संघाच्या सरांना सांगून आले: पुढच्या शर्यतीत वाऱ्यासमोर मी, माझ्यामागे सुजाता.