किंकाळी माझी नव्हती, डीव्हीडीची होती

मंडळी, आज दुपारी गल्लीत माझा खून झाल्याची अफवा उठली.

सुरा घेऊन फिरणाऱ्या खुन्याच्या जुन्या इंग्रजी सिनेमाची नवी डीव्हीडी लावली होती. चित्र इतकं स्वच्छ की अंधाऱ्या तळघरातली पायरीन् पायरी दिसावी. आवाज मात्र भिकार. संवाद ऐकूच येईनात, म्हणून टीव्ही पूर्ण मोठा केला आणि तेवढ्यात नायिका किंचाळली.

शेजारच्या कमलताई नळाचा पाइप तसाच टाकून धावत आल्या. शहर पार शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत वाढलं, तरी आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं. तेच आता रस्त्यावर वाहत होतं.

"मॅडम, मला वाटलं तुम्हाला कुणी भोसकलं. अन् तुम्ही हे बघताय? या वयात देवाधर्माचं लावावं."

"पाण्याचं माझं चुकलं, माझ्या टाकीतून चार हंडे न्या. सिनेमाबद्दल माफी मागणार नाही."

चौथा हंडा भरून त्या पडद्यापुढं थबकल्या. "त्यो मागंच उभाय की. तिला दिसंना का?"

मी खुर्ची पुढं केली.

मी काय बघावं ते शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी ठरवलं, नंतर सासरच्यांनी. आता मी ठरवते. तुमच्या घरी रिमोट कुणाच्या हातात असतो?