यादीत नसलेला सिनेमा

गांधीबागेतल्या कापडदुकानातला हा सेल्समन दर डिसेंबरला वर्षातले दहा उत्तम सिनेमे जाहीर करतो. साडी मागणाऱ्या गिऱ्हाइकालाही आधी यादी ऐकावी लागते. सगळे सिनेमे परदेशी. आपल्याकडचे म्हणजे, "नुसते रडवून राहिले गा, बकवास!"

यंदा एका मराठी सिनेमाला तो बायकोसोबत माझ्या पुढच्याच रांगेत होता. पडद्यावरचा बाप लेकीला सासरी सोडून एकटा परतला, तेव्हा हा हमसून हमसून रडला. बायकोने पदराने त्याचे डोळे पुसले.

परवा यादीत तो सिनेमा नव्हता.

"काहून?" मी विचारलं.

"मी तं पाह्यलाच नाही गा तो."

डबा घेऊन आलेली बायको मागेच उभी होती. तिने डबा काउंटरवर ठेवला आणि पायऱ्या उतरून गेली.