पाचाचा उंबरा

आधीच सांगते, भूतखेत मी मानत न्हवते. सासूबाई लिंबू उतरवायच्या तर मी पदराआड हसायची. नववी नापास हाय, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या... पण सांगितल्याबिगर राहवंना.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. डोंगरकड्याच्या अलीकडं माळावर जमिनीचे हादरे मोजायची एक खोली होती. आमचे हे तिथं वॉचमन. तिथं कम्प्युटर आला, त्यात नवं सॉफ्टवेअर. कोणती वायर, कोणता आकडा – सगळं आपणच ठरवून भरायचं. यांना इंग्रजी येईना, म्हणून तिथल्या सायबानं मला शिकवलं.

"वहिनी, हे थ्रेशोल्ड. म्हणजे उंबरा. हादऱ्यानं उंबरा ओलांडला की घंटी वाजती अन् मशीन लिहून ठेवती. पन्नास टाका. बारीक ठेवला तर शेळी चालली तरी बोंबलंल."

"झाली आमची म्याडम!" हे हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकराला खोलीमागच्या कडूलिंबाच्या फांदीला झोळीत निजवलं. आठ महिन्याचं, रांगतबी न्हवतं. आत जाऊन आकडा भरताना मनात आलं, उंबरा बारीकच बरा, लेकरू अडखळत न्हाई... येडी मी! पाच टाकला.

शेळ्या शिरतात म्हणून यांना बाहेरून कडी घालायची सवय. मी घरी गेले समजून कडी घातली अन् डिझेल आणायला निघाले.

"अहो! मी आत हाय!"

ऐकूच गेलं न्हाई. त्यांच्या पावलाला घंटी वाजत गेली, सायकलीवर बसले अन् थांबली. खोलीला खिडकी न्हाई.

मग परत वाजली. पडद्यावरची रेघ उडाली... ठक... ठक... कुणीतरी चालून राहिलं.

"अहो, कडी काढा!"

पावलं दूर गेली – लिंबाकडं. अन् कडाड्! रेघ पडदाभर उडाली. फांदी! माझं लेकरू त्या फांदीला... दार बडवलं, लाथा घातल्या, नखं तुटली. रडण्याचा आवाजच न्हाई. दम सरला, खाली बसले. घंटीबी गप झाली.

अन् मग... ठक... ठक... परत. जवळ. आणखी जवळ. दाराशी थांबलं.

किती येळानं कडी निघाली, देव जाणे. हे उभे.

"अगं, तू आत? मग याला उंबऱ्यावर काहून बसवलंस?"

लेकरू उंबऱ्यावर बसून खिदळून राहिलं. मागं जाऊन बघितलं तर झोळी फांदीखाली चिरडलेली.

सायबानं सगळी रेघ तपासली. "पावलं माणसाचीच. आधी पावलं, मग फांदी, मग पावलं. पन्नास असता तर नुसती फांदी दिसली असती, वहिनी."

"अन् परत जायची पावलं?" ह्यांनी विचारलं.

सायबानं रेघ परत शेवटापतूर सरकवली. "न्हाईत."

कोण होतं, मला आजबी ठाव न्हाई. आता दुसरं घर हाय, दुसरं गाव. पण कुठंबी उंबरा ओलांडायचा म्हणलं की मी आधी थांबते, पदर सावरते... कुणी बसलं असंल तर.