बांध बघायला आज गाव आलं

मंडळी, आज टोकावड्याजवळ आमच्या पणजोबांच्या शेतावर गावातल्या बायका आणि शाळेतली मुलं जमली होती. जुना दगडी बांध पाणी आणि माती कशी अडवतो, ते मी दाखवत होते.

बाबा मात्र लांबच बसले होते. हे शेत फार्महाऊसवाल्याला विकायचं त्यांनी ठरवलं होतं.

तेवढ्यात वाडीवरच्या सविताताईंनी हाक मारली, "काका, ह्यो बांध आमच्या पणज्यानी रचलाय ना?"

बाबा उठून आले. "तर काय गो! माझ्या आज्यासंगती." मग दोघं दुपारपर्यंत मुलांना बांधाच्या गोष्टी सांगत राहिले.

घरी येताना बाबा म्हणाले, "शेत विकायचं नाय. हे आपल्या एकट्याचं थोडंच हाय?"

मी अजून हसतेय. तुमच्या गावचा बांध कोणी रचला, विचारलंय कधी?