नुसतं सातशे

आमच्याकडे ‘मास्तर’ म्हटलं की सगळे एकाच माणसाकडे बोट दाखवतात, आणि गंमत म्हणजे त्या माणसाने जन्मात एक तासही शिकवलेलं नाही. मास्तर म्हणजे आमचे भट्टीवाले. शाळा संपली तिथे शिक्षण संपलं. वायरमन म्हणून विद्यापीठात लागले, एक दिवस बिघडलेली भट्टी दुरुस्त करायला त्या खोलीत शिरले आणि एकतीस वर्षं तिथेच राहिले. आम्ही प्राध्यापक मंडळी नवनवे पदार्थ बनवतो म्हणून जगभर मिरवतो. बनतात ते मास्तरांच्या भट्टीत, हे कुणी व्याख्यानात सांगत नाही. मीही सांगितलेलं नाही, उगाच खोटं कशाला बोलू!

ती खोली रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांच्या बरोबर मध्ये आहे. एक दार आमच्या, म्हणजे रसायनच्या, पॅसेजमध्ये उघडतं, दुसरं त्यांच्या. भट्टीची तार जळली की आम्ही म्हणायचं, ते आणतील. त्यांनी म्हणायचं, हे आणतील. “दोन घरचा पाहुणा उपाशी, बाई,” असं म्हणत मास्तर जुनीच तार सोडवून पुन्हा गुंडाळत बसायचे. गुंडाळायचेही अशी सुबक, की नवी तार झक मारेल.

त्यांचा एक नियम होता. भट्टीत काय ठेवायचं आणि किती तापवायचं याची चिठ्ठी प्रत्येकाने लिहून द्यायची, आणि देताना ती मोठ्याने वाचून दाखवायची. मग तो पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असो की विभागप्रमुख. मला त्यांनी एकदा तीन वेळा वाचायला लावली होती. माझं डोकं तसंही लवकर तापतं. मी म्हटलं, “मास्तर, मी काय पहिलीत आहे?”

“भट्टीपुढे सगळेच पहिलीत, बाई. वाचा.”

वाचली मुकाट्याने. दुसऱ्या वाचनातच माझं एक शून्य जास्त पडलेलं सापडलं होतं, म्हणून जास्त बोलायला तोंड नव्हतं.

त्यांची मुलगी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करत होती. एकुलती एक. तिला प्रवेश मिळाला त्या दिवशी मास्तरांनी दोन्ही विभागांत पेढे वाटल्याच्या थाटात फिरून प्रत्येकाला स्वतः चहा नेऊन दिला होता. पण ती इथे यायला लागल्यापासून एक विचित्र प्रकार सुरू झाला. खोलीत ती त्यांना ‘मास्तर’ म्हणायची आणि ते तिला ‘मॅडम’. सुरुवातीला चेष्टा होती. मग चेष्टेची सवय झाली आणि दोघं खरंच एकमेकांशी परक्यासारखं अदबीने बोलायला लागली. मी एकदा मास्तरांना टोकलंच. ते म्हणाले, “घरी ती माझी पोर. इथे ती शिकलेली आहे, बाई. इथे मी तिला काय सांगणार?”

मला ते आवडलं नव्हतं. पण बापलेकीच्या मध्ये नाक खुपसायचं नाही म्हणून गप्प बसले. इतर वेळी मी नको तिथे बोलते, आणि बोलायला हवं होतं तिथे नेमकी दातखीळ बसली.

त्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला मी तापवायला दिलेली माझी मूस न्यायला भट्टीच्या खोलीत गेले. मास्तर नव्हते. मोठी आडवी भट्टी चालू होती, तिच्या बाजूला टांगलेल्या कागदावर मुलीचं अक्षर होतं आणि खाली लिहिलं होतं ‘गंधक’. तापमान दाखवणाऱ्या डब्यावर लाल आकडे होते : पाचशे शहाऐंशी. बघता बघता सत्त्याऐंशी झाले.

गंधक ही फार वाईट जात आहे. धातूची पूड आणि गंधक क्वार्ट्झच्या काचनळीत घालून, हवा काढून, नळीचं तोंड वितळवून बंद करतात आणि मग तापवतात. हळूहळू तापवलं तर गंधक धातूत मुरतं. घाई केली किंवा जास्त तापवलं तर त्याची वाफ होते, आणि वाफेला त्या नळीत जायला जागा कुठे? मी पुढे झाले तोच मुलगी भौतिकच्या दाराने आत आली. आकडे पाहिले आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

“बाई, हे केल्विन आहे ना?”

“या भट्टीला केल्विन माहीत नाही, पोरी. ही सेल्सिअसवाली आहे. तू चिठ्ठीत किती लिहिलं होतंस?”

“सातशे. नुसतं सातशे.”

आता हे बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटेल, पण आमच्या दोन विभागांचं हे कायमचं दुखणं आहे. भौतिकवाले केल्विनमध्ये विचार करतात, आम्ही सेल्सिअसमध्ये. त्यांचं सातशे म्हणजे आमचं चारशे सत्तावीस. मध्ये दोनशे त्र्याहत्तरचा फरक! तिला हवं होतं त्याच्या कधीच पुढे गेली होती भट्टी.

मी भट्टीच्या तारेचा स्विच खाली ओढला, आकड्यांचा डबा तेवढा चालू राहिला. आकडे एवढ्याने कुठले उतरतात! भट्टीला जाडजूड विटांचं अस्तर, थंड व्हायला अर्धा दिवस. आणि तिने खुंटीवरचे जाड हातमोजे काढले, लांब चिमटा घेतला.

“काय करतेस?”

“बाहेर ओढते. दहा सेकंदांचं काम. बाई, ती पूड मला चौदा महिने अर्ज करकरून मिळालीय. दोन ग्रॅम. पुन्हा कुणी देणार नाही.”

“अगं, गार हवा लागली की हातातच फुटेल!”

“नाही फुटणार.”

तेवढ्यात मास्तर आले. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी आकडे पाहिले, कागद पाहिला, आणि मुलीच्या हातातला चिमटा असा हिसकला की ती हेलपाटली. “चल बाहेर!” आम्हा दोघींना त्यांनी आमच्या पॅसेजमध्ये ढकललं, दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभे राहिले.

“मास्तर, सोडा मला.”

“नाही.”

“माझी तीन वर्षं आहेत त्यात!”

“डोळे दोनच आहेत तुला.”

ती रडायला लागली, मग रडता रडता चिडली. “तुम्ही सगळ्यांना वाचायला लावता. अख्ख्या जगाला! मला का नाही लावलंत?” मास्तरांनी पाठ दारावर आणखी रेटली. दाराच्या काचेतून मला आकडे दिसत होते. पाचशे ब्याऐंशी. पाचशे एक्याऐंशी. जीव नुसता टांगणीला लागला होता, आणि नळी फुटली नाही की बरं वाटायच्या ऐवजी आता फुटेल, मग फुटेल, असं होत होतं. मी काचेतून नजर काढून वळले तर मुलगी शेजारी नव्हती.

दुसरं दार! भौतिकचं दार उघडंच होतं.

पॅसेजला वळसा घालून तिला तिथे पोचायला मिनिटभर लागणार होतं. मास्तरांचा गुडघा अधू, ते काय धावणार? माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, मागे हात नेऊन कडी काढली आणि सरळ खोलीत शिरले. मी त्यांचा शर्ट धरला तो हातातून सुटला आणि दार त्यांच्यामागे मिटलं. “मास्तर, वेडेपणा करू नका!” ते वाकून, भट्टीच्या तोंडासमोरून, एक पाय ओढत पलीकडे गेले. भौतिकच्या दाराला त्यांनी आतून अडसर घातला आणि त्याच क्षणी बाहेरून धडाधड थापा पडायला लागल्या.

“उघडा! मास्तर, उघडा! बाबा! बाबा, दार उघडा!”

एवढ्या वर्षांत त्या खोलीच्या आसपास हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आणि मग आवाज झाला.

आवाज फार मोठा नव्हता हो. कुणी लोखंडी कपाटावर हातोडा हाणावा एवढाच. पण काचेपलीकडे एकदम पांढरी धूळ झाली, डोळ्यांत झोंबणारा गंधकाचा वास आला आणि पलीकडच्या थापा थांबल्या. मास्तर दिसत नव्हते. मी हाका मारल्या. मी दाराबाहेरच उभी राहिले, हे मी लाज न बाळगता सांगते. मला त्यांच्यामागे जायचं होतं आणि मी गेले नाही. किती वेळ गेला? वीस सेकंद असतील. माझ्या हिशेबी एक वर्ष.

मग धुळीतून ते खोकत, भिंतीला धरून आले. केसांवर भट्टीच्या अस्तराचा भुगा, उजवा कान चिरलेला, शर्टावर रक्त. भौतिकच्या दाराशेजारच्या कपाटाच्या आडोशाला बसले होते म्हणून वाचले. पॅसेजमध्ये येऊन ते फरशीवर मटकन बसले. मुलगी वळसा घालून धावत आली, त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि आपल्या ओढणीने त्यांचा कान दाबून धरला. घाईघाईत दाबताना रक्त गालभर पसरत होतं.

“मला शंका आली होती,” मास्तर म्हणाले. “गंधक आणि सातशे? पण म्हटलं, ही शिकलेली आहे, काहीतरी नवीन असेल. विचारलं तर तुला वाटेल, बापाला एवढंही कळत नाही.”

तिने ओढणीचं कोरडं टोक कानावर दाबलं. मग म्हणाली, “मी आधी केल्विन लिहिलं होतं. मग खोडलं. म्हटलं, माझ्या जन्माआधीपासून तुम्ही गंधकाच्या नळ्या लावताय. तुम्हाला शिकवायला जाणारी मी कोण?”

खरं सांगते, दोघांच्या एकेक थोबाडीत द्यावी असं वाटलं मला. एकमेकांचा मान राखता राखता एकमेकांच्या जिवावर उठली होती दोघं! माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण मास्तर मुलीकडे बघत होते. डोक्यापासून पायापर्यंत, प्रत्येक बोट, दोन्ही डोळे. बघता बघता त्यांची नजर तिच्या पायांवर थांबली, आणि तो एकतीस वर्षांत कुणावर आवाज न चढवलेला माणूस अख्खा पॅसेज दणाणेल असा ओरडला.

“आणि हे काय? उघड्या चपला? भट्टीवर उघड्या चपला घालून येतेस? अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस?”

दोन्ही विभागांतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

“चुकलं, बाबा,” ती म्हणाली. सगळ्यांदेखत म्हणाली, आणि कानावरचा हात काढला नाही.